उंदराचा कान

"दाखव," अश्विनी म्हणाली.

आशाबाईनं पदराखालचे हात लेकीपुढं केले. मनगटापासून दंडापर्यंत लाल चट्टे. काही फुटलेले, काहींवर खपल्या. खाजवून खाजवून कातडी जाड झाली होती.

"काही नाही वं," आशाबाई म्हणाली. "जराशी खाज सुटते."

घरात बसायलाही जागा नव्हती. देऊळघाटच्या त्या घरात पुढच्या खोलीत कापूस, मधल्या खोलीत कापूस, पार आढ्यापर्यंत. दिवाण, टीव्ही, देवाचा कोनाडा, सगळं कापसानं गिळलेलं. माणसांसाठी उरली होती ती चुलीपुढची जागा. दिवाळीपासून बीटीचा हा कापूस भाव चढायची वाट पाहत घरात पडून होता आणि आता शिमगा आला होता. गावात घरोघर हाच कापूस आणि घरोघर हीच खाज. कोणी म्हणे बीटीच खाजरी. डॉक्टर म्हणाले होते की साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, आधी तो घराबाहेर काढा. वर मलमाची एक नळी लिहून दिली. नळी संपली. कापूस होता तिथंच.

अश्विनी संभाजीनगरला संशोधन करते. कशावर म्हणाल, तर खाजेच्याच औषधावर. घ्या आता! तिच्या मलमात इतके बारीक कण असतात, की ते कातडीत शिरून जिथं सूज आहे तिथंच औषध सोडतात.

"बारीक म्हंजे केवढे?" आशाबाईनं विचारलं.

"तुझा एक केस घे. त्याच्या जाडीचे हजार भाग कर. तेवढा एक कण."

"बाप्पा! मंग आनलं का थे मलम?"

अश्विनीनं मान खाली घातली. "नाही गं. अजून उंदरांवरच चालू आहे. माणसाला लावायला अजून किती वर्षं जातील, सांगता येत नाही."

"उंदराइले खाज असते?"

"नसते. आम्ही आणतो. त्यांच्या कानाला खाज आणणारं रसायन लावतो, कान लाल होऊन सुजतो. मग त्यावर आपलं मलम."

"अन् खाजेचं बंद करता."

"नाही ना. ते एक दिवसाआड लावतच राहावं लागतं. बंद केलं तर कान आपोआप बरा होतो. मग मलमाचा गुण आला का नाही, कळणार कसं?"

आशाबाईचा खाजवणारा हात थांबला.

तेवढ्यात दारात टेम्पो वाजला. बुलढाण्याचा व्यापारी अकरम दोन मजूर घेऊन उतरला. त्याला अश्विनीनंच फोन केला होता, बापाला न विचारता. मलम नाही तर नाही, आज कापूस तरी घराबाहेर काढायचाच, असं ठरवूनच ती आली होती. मजुरांनी पहिलं गाठोडं बांधलं, उचललं, आणि शेतातून उत्तमराव आला.

"कोनं बोलावलं याले?"

"मी," अश्विनी म्हणाली. "बाबा, आज द्या कापूस."

"भाव काय देतं बे, अकरम?"

अकरमनं सांगितला. तो मागच्या महिन्यापेक्षाही उतरलेला होता.

"ठेव थे गाठोडं खाली," उत्तमराव मजुरावर ओरडला. "मागच्या साली घाई केली अन् पंधरा दिवसात भाव चढला. साऱ्या गावानं हासून काढलं मले. यंदा नाही. आठ रोज थांब."

दिवाळीपासून त्याचे आठ रोज संपले नव्हते.

"काका, पोरगी बरोबर बोलून राह्यली," अकरम म्हणाला. "आता नाही चढत भाव."

"तू व्यापारी. तू असंच म्हनशीन."

"बाबा, आईचे हात पाहा!" अश्विनीचा आवाज फाटला.

उत्तमरावनं एकदा पाहिलं आणि मान फिरवली. दाराच्या चौकटीला टेकून तो स्वतःचीच पाठ घासू लागला. बनियन वर सरकली, तर पाठही तशीच, लाल.

"रोज पाह्यतो म्या," तो म्हणाला. "तुले येवढीच काळजी हाये तं ने तिले तुह्यासंगं."

कुठं नेणार? होस्टेलच्या एका खोलीत तीन पोरी राहत होत्या. अश्विनीला रडूच आलं, रागानं आलं. एवढं शिकून काय केलं, असं तिचं तिलाच वाटलं. केसाच्या हजाराव्या भागाएवढा कण तिला हवा तिथं पोचवता येत होता, आणि हा ढीग तिला उंबऱ्याबाहेर काढता येत नव्हता.

टेम्पो रिकामाच वळला. मजुरानं गाठोडं तसंच टाकलं होतं. ते सुटून कापूस अंगणभर झाला होता. उत्तमराव बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

आशाबाई उठली. अंगणातला कापूस तिनं कवेत गोळा केला, घरात नेला आणि उघड्या हातांनी ढिगात दाबून बसवला. परत आली. पुन्हा एक कव भरली.

"आई, राहू दे ना. मी करते."

"नोको लावू हात. तुले खाज सुटन." ती उंबऱ्यापाशी थांबली. कापूस हनुवटीपर्यंत आला होता. "एक दिवसाआड म्हनलं होतं नं तू?"

"काय?"

"थे उंदराइचं." गाल खांद्याला घासत ती म्हणाली, "बरं हाये त्याइचं. एक दिवसाची सुट्टी तं भेटते."