खवट

साहेबांनी बिस्कीट तोंडात टाकलं, तेव्हा टेबलाभोवती सगळ्यांच्या हातात एकेक बिस्कीट होतं. पण साहेबांच्या आधी चावणार कोण?

खरं तर या खोलीत साहेबांचं काही कामच नव्हतं. बिस्किटांच्या कारखान्यातली ही चव बघायची खोली. इथला नियम साधा. घास तोंडात घोळवायचा, शेजारच्या भांड्यात थुंकायचा आणि दुसऱ्याचं ऐकायच्या आत आपलं मत सांगून मोकळं व्हायचं. एकाने जरी नाही म्हटलं तरी माल थांबायचा. थोरले साहेब होते तोवर या खोलीचं दार वाजवून आत यायचे. आता मुलगा मालक झाला. त्याला टेबलाच्या टोकाला बसून सगळ्यांच्या आधी चव घ्यायची हौस. आणि मालकाचा माल मालकासमोर थुंकायची कुणाची छाती आहे? झालं, सगळे गिळायला लागले.

त्यात आज साहेबांना सर्दी. नाक लालबुंद, हातात रुमाल.

"वा," साहेब म्हणाले. "लोण्याचा वास काय सुरेख आलाय."

"लोणी अगदी जाणवतंय, सर," मॅनेजर म्हणाला. त्याने अजून बिस्कीट चावलंसुद्धा नव्हतं. मग सगळ्यांनाच लोणी जाणवलं. राजा बोले, दल हाले.

कसलं लोणी आणि कसलं काय! तेल खवट होतं. स्वस्तात मिळतंय म्हणून साहेबांनी स्वतः निवडलेलं तेल. आणि हा माल उद्या सकाळी शाळाशाळांत जायचा होता, पहिली-दुसरीतल्या पोरांच्या हातात.

ताई या खोलीच्या प्रमुख. त्यांनी घास घोळवला आणि सगळ्यांसमोर भांड्यात थुंकला.

"तेल खवट आहे, सर. हा माल पाठवता येणार नाही. लहान पोरं आहेत, पोटं बिघडतील."

"ताई, बरं वाटत नाहीये का आज?" मॅनेजरने इतक्या मऊ आवाजात विचारलं की कानाखाली वाजवावीशी वाटावी.

साहेब चिडले असते तर एक वेळ परवडलं असतं. पण ते हसले. "असू दे, असू दे. आपल्याकडे प्रत्येकाला बोलायची मुभा आहे. अजून कुणाला खवट लागतंय? हात वर करा बघू."

एकही हात वर आला नाही. ताईंच्या शेजारी काका बसले होते. इतकी वर्षं याच खोलीत चव बघण्यात मिश्या पिकलेल्या त्यांच्या. पहिल्याच घासाला त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, ते ताईंनी पाहिलं होतं. आता ते टेबलाची कड नखाने खरवडत बसले होते, जसं काही तिथे फार महत्त्वाचं काम निघालंय.

साहेबांची नजर फिरत फिरत धाकटीवर थांबली. सगळ्यांत नवी, म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणायचे.

"तू सांग गं. जीभ नवी आहे तुझी. अगदी न घाबरता सांग."

धाकटीला चव बघायला ताईंनीच शिकवलं होतं. घास जिभेच्या मागे ने, थांब, मग बोल. आणि आज साहेब यायच्या आधी पुडा फोडून नाकाला लावला होता तो हिनेच. हीच ताईंच्या कानाशी लागून म्हणाली होती, "ताई, वास मारतंय हे."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या.

धाकटीने घास गिळला. "मला छान लागलं, सर. जरा वेगळं आहे, पण छान."

"वेगळं! हाच शब्द मला सापडत नव्हता." साहेब खूश झाले. "ताई, माणसाची जीभसुद्धा थकते हो. त्यात कमीपणा काही नाही. तुम्ही आता आराम करा. उद्यापासून कशाला, आत्तापासूनच या खोलीचं काम ही बघेल." मग मॅनेजरकडे वळून म्हणाले, "गाड्या भरायला घ्या."

मॅनेजरने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. काकांनीसुद्धा.

ताई उठल्या.

"सर्दी तुम्हाला झालीय, सर. यांना काय झालंय?"

साहेबांना गंमत वाटली, ते खो-खो हसले. मग बाकीचेही हसले. ज्यांच्या थोबाडीत बसली होती तेच जास्त हसले. लाज नावाची चीज विकायला काढली असती, तर या खोलीत कुणाकडेच माल निघाला नसता.

साहेब निघाले, त्यांच्या मागे मॅनेजर. जिन्यावरचे बूट वाजायचे थांबेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग एकदम खुर्च्या सरकल्या आणि सगळेच कोपऱ्यातल्या बेसिनकडे धावले. आधी मी, आधी मी. खवटपणा घशाला चिकटला होता. खाली गाड्यांचे फाळके उघडल्याचे आवाज येत होते.

काका सगळ्यांत पुढे होते. त्यांनी नळ सोडला, ओंजळ भरली, तोंडाशी नेली. तेवढ्यात मागे धाकटी उभी असलेली त्यांना दिसली. सकाळपर्यंत तिला 'ए पोरी' म्हणून हाक मारणाऱ्या काकांनी ओंजळ तशीच रिकामी केली आणि बाजूला झाले. त्यांच्याबरोबर सगळी रांग बाजूला झाली.

"या मॅडम," काका म्हणाले. "आधी तुम्ही."

धाकटीने एकदा ताईंकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिने नळाखाली ओंजळ धरली.