आजचं माझं आहे

"वस्त्र हातात द्यायचं, पद्मजा. दारात ठेवतात तो केर."

सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांचं हे सांगणं पद्मजाबाईंनी यंदाच्या चातुर्मासात नेम म्हणून धरलं. रोज एक वस्त्र द्यायचं. धुऊन, उसवलं असेल तर शिवून, घडी घालून, घेणाऱ्याच्या हातात. बदल्यात काही घ्यायचं नाही आणि दिल्याशिवाय जेवायचं नाही.

पहिले वीस दिवस सोपे गेले. मग तळवड्याच्या त्या सोसायटीत पद्मजाबाईंच्या हातात पिशवी दिसली की लोक जिना बदलू लागले. वॉचमन ज्योतीरामकडे सात शर्ट साठले होते. बारा तास अंगावर वर्दी असते, मग मी हे घालू कधी, असं त्याने अगदी नम्रपणे विचारलं होतं. कामाला येणाऱ्या इंदुताईंनी तर गावाकडची चुलत जाऊसुद्धा आता भरून पावली, असं कळवून टाकलं होतं.

आज एक्केचाळिसावा दिवस. दीड वाजत आला तरी वस्त्र घरातच होतं. शरच्चंद्रांनी आमटी दुसऱ्यांदा गरम केली. फाटकाजवळ जुन्या कपड्यांची पेटी ठेवली आहे, त्यात टाकून ये आणि जेवायला बस, असं त्यांनी बायकोला सुचवलं.

"पेटीला हात नाहीत," पद्मजाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात खालून बोहारणीची हाक आली. जुन्या कपड्यांवर भांडी. पद्मजाबाईंनी गॅलरीतूनच तिला वर बोलावलं. तिचं नाव छबूबाई. पाटी उंबऱ्याशी उतरवून ती बसली, तांब्याभर पाणी प्यायली. पद्मजाबाईंनी एकाऐवजी पाच कपडे आणून मांडले. छबूबाईने एकेक उजेडाला धरला, शिवणी ओढून पाहिल्या, कॉलरी उलट्या केल्या. शरच्चंद्रांच्या कंपनीच्या शर्टावर खिशावरचं नाव बेतानं उसवून काढलेलं होतं. त्यावर बोट फिरवून तिने हाताचं कौतुक केलं. असला शर्ट चाकणच्या बाजारात दुपार बघत नाही, सकाळीच खपतो, म्हणाली. मग पाटीतून स्टीलचा डबा काढून पुढे ठेवला.

पद्मजाबाईंनी तो मागे सारला. लहान वाटला असेल म्हणून छबूबाईने मोठा काढला. तोही परत आला. तेव्हा तिने तोंड गंभीर केलं. याच्याहून मोठा मिळायचा नाही, काळेवाडीत एवढ्या डब्यावर मी सात पँटी घेते, असं ऐकवलं.

पद्मजाबाईंनी मग नेम सांगितला. छबूबाईने कपाळाला हात लावला.

"फुकाट न्हाई घेत मी, ताई. आयनं पाटी डोक्यावर दिली तवाच सांगितलंय. भांडं दिल्याबिगर कपडा उचलायचा न्हाई."

डबा दोघींच्या मध्ये अडून राहिला. आतून शरच्चंद्रांनी तोड काढली, की डबा घ्यावा आणि लगेच तिलाच देऊन टाकावा. दोघींनी एकदमच त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते आमटीकडे वळले.

थोड्या वेळाने छबूबाईच म्हणाली, की विकायला काही ती असं नेणार नाही. पण बाईनं बाईला नेसायला दिलं, तर त्याला भांडं लागत नाही. पद्मजाबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी सगळा ढीग पुढे लोटला. छबूबाईने एकेक पुन्हा उचलला. हा कुणाचा? यांचा. हा ड्रेस? ऋचाचा, मुलगी आमची, बंगळूरला असते. ही पँट? यांचीच.

"मंग ह्यातलं तुमचं कंचं?"

"विचारा, विचारा," आतून आवाज आला. "नेम तिचा आणि कपाट माझं रिकामं."

पद्मजाबाई ढिगातल्या घड्या सारख्या करू लागल्या. छबूबाईला हसू आवरेना. हसता हसता तिची नजर गॅलरीतल्या दोरीवर गेली. हिरवी सुती साडी, बारीक तांबड्या काठाची, सकाळीच धुऊन घातलेली. पद्मजाबाई रोज पूजेला हीच नेसत. धुऊन धुऊन मऊ झालेली. ती अंगावर आली की मन आपोआप जागेवर बसे.

"तसली आसंल तर नेसंन मी," छबूबाई थट्टेनं म्हणाली आणि पाटीला हात घातला.

पद्मजाबाईंनी पाटी उचलायला हात लावला. ती डोक्यावर नीट बसली, तशा हळूच म्हणाल्या, "ओली आहे अजून. ओलं वस्त्र देत नाहीत. वाळली की आणून देते. राहता कुठे तुम्ही?"

छबूबाईचं हसू थांबलं. कुरुळीला, शाळेमागच्या चाळीत, भांडेवाली म्हणून कुणालाही विचारावं. पण लई लांब पडतं, दोन गाड्या बदलाव्या लागतात.

"दिवस मावळायच्या आत येते."

"बगू," म्हणत छबूबाई जिना उतरली.

पद्मजाबाईंनी शरच्चंद्रांना वाढलं. स्वतः घोटभर पाणी पिऊन साडी आत आणली आणि पंख्याखाली पसरली. श्रावणातलं वाळणं ते. राहिलेला दमटपणा इस्त्रीने काढला. फॉल एका जागी सुटला होता, तिथे चार टाके घातले. घडी झाली, आणि ती घडी जरा वेळ त्यांच्या मांडीवरच राहिली. शरच्चंद्रांनी पाहिलं. उद्या पूजेला काय नेसशील, असं काही त्यांनी विचारलं नाही. उठून बसपुरते सुटे पैसे मात्र बायकोसमोर आणून ठेवले.

फाटकाशी ज्योतीरामला पिशवी दिसली. तो हळूच खुर्चीमागे सरकला.

"घाबरू नका, ज्योतीराम," पद्मजाबाई म्हणाल्या. "आजचं माझं आहे."

मग कुरुळीकडे जायला गाडी कुठे मिळेल ते त्यांनी त्याला विचारलं, आणि पिशवी छातीशी धरून, कपड्यांच्या पेटीवरून पुढे, स्टॉपच्या दिशेने निघाल्या.