रिकामा गोल

बाई बाकाबाकांवरून सह्या करत चालल्या होत्या. तळ्याच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकातून बघायचा आणि दिसेल ते गोलात काढायचं, असा आजचा प्रयोग होता. पण सूक्ष्मदर्शक एकच आणि मुलं वर्गभर. म्हणून एकेकाने डोळा लावल्यासारखं करायचं आणि जागेवर जाऊन पुस्तकातली आकृती उतरवायची, ही या शाळेची रीत. मार्क आकृतीलाच तर असतात. त्यामुळे सगळ्यांच्या गोलात एकाच छापाचे अमीबा, एकाच छापाचे युग्लीना, शेपटीच्या वळणासकट.

मासेमाराच्या मुलीचा गोल मात्र रिकामा होता. पाणी तिनेच आणलं होतं, बाबांच्या होडीतून, तळ्याच्या मध्यावरचं.

"हे काय? काढलं नाहीस?"

"काढलं ना, बाई. असंच दिसलं."

"पेन्सिल संपली म्हण की." वर्ग हसला. "अगं, हा कागद परीक्षेला जोडायचाय. रिकाम्या गोलाला कोण मार्क देईल? पुस्तकात बघून काढ, चल."

मुलगी हलली नाही. "तुम्ही बघा ना एकदा."

तिचं समाधान म्हणून बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. उजेडाचा गोल, त्यात धुळीसारखे दोन-चार कण. काहीच हलत नव्हतं. त्यांनी काच पुसली, थेंब बदलला, बाटलीच्या तळाचा गाळ घेतला. पुन्हा तेच.

"कुणाला काही हलताना दिसलं होतं? खरं सांगा."

मग पहिल्या बाकावरचा एकजण चाचरत उठला. "बाई, माझ्या ताईनेपण पुस्तकातूनच काढलं होतं. तुम्ही तिला पैकीच्या पैकी दिले होते."

या वेळी कुणी हसलं नाही.

"हेच बारके जीव खाऊन पुढे मासे जगतात, असं तुम्हीच शिकवलंत," मासेमाराची मुलगी म्हणाली. "बाबांना मासे लागत नाहीत. ते म्हणतात, जाळं जुनं झालंय. रोज ते शिवत बसतात. त्यांना सांगायला हवं, बाई. हे कधीपासून असं आहे?"

बाईंनी भिंतीतलं कपाट उघडलं. दरवर्षीचे कागद तिथे गठ्ठे बांधून ठेवलेले होते. त्यांनी गेल्या वर्षीचा गठ्ठा सोडला. मग त्याच्या आधीचा. मग अगदी तळाचा, पिवळा पडलेला. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर एकेक कागद बघू लागली. प्रत्येक गोल गजबजलेला होता आणि प्रत्येकाखाली बाईंची सही होती.

त्या कपाटात तळं एकाही वर्षी मेलं नव्हतं.