उशांचे अभ्रे

घरून निघताना बायकोनं एकच अट घातली होती: आज आभाळाकडे बघायचं नाही. म्हणून बावटेवाला बोटीत खिडकीला पाठ करून बसला होता आणि लेकीला संत्रं सोलून देत होता. मध्येच त्यानं नाक वर करून वाऱ्याचा वास घेतला. बायकोनं डोळे वटारले. त्यानं मुकाट्यानं एक फोड तोंडात टाकली.

धक्क्याच्या टोकाला जो उंच खांब होता त्यावर वादळापूर्वी काळा बावटा चढवायचा, ही त्याची नोकरी. बावटा वर गेला की एकही बोट सुटायची नाही. अकरा वर्षं तो हे करत होता, आणि अकरा वर्षांत वादळाच्या दिवसांत त्याला रजा म्हणून मिळाली नव्हती. मिळायची ती आभाळ निवळल्यावर. दारात ऊन आल्यावर ते शोधायला बाहेरगावी कोण जाईल? यंदा पहिल्यांदाच साहेबांनी बदली माणूस दिला होता.

समोरच्या बेटावर, सहा तासांच्या वाटेवर, बायकोची धाकटी बहीण राहायची. तिकडे या दिवसांतही लख्ख ऊन. सकाळी धुतलेलं दुपारी कडक वाळतं, असं ती फोनवर सांगायची आणि फोन ठेवल्यावर बायको घरातले ओले कपडे पुन्हा चाचपून बघायची. इकडे चार महिने कपडे शेगडीवर धरायचे, तरी अंगावर दमटच. उशीत तोंड खुपसलं की ओल्या फडक्याचा वास. तिला फिरणं नको होतं, खरेदी नको होती. उन्हानं तापलेल्या उशीवर डोकं टेकून एकदा गाढ झोपायचं होतं, बस. म्हणून तिनं घरातले सगळे अभ्रे बॅगेत कोंबले होते. शेजारणीनं विचारलंही, सहलीला निघालीस की कपडे धुवायला? ती हसली, पण एकही अभ्रा बाहेर काढला नाही.

बॅगेची चेन तुटलेली. नवऱ्यानं वरून दोरी आवळून गाठ मारून दिली होती. ही गाठ त्याची स्वतःची. कसल्याही वाऱ्यात ती सुटत नसे, आणि कशी सोडायची हे दोघांनाच ठाऊक होतं: त्याला, आणि रोज त्याच गाठीनं बांधलेल्या कपड्यांच्या दोरीशी झटापट करणाऱ्या तिला.

बोट सुटायला दहा मिनिटं होती. इंजिन सुरू झालं. लेकीनं उन्हाची टोपी घालून पाहिली.

आणि बायकोला खिडकीतून बदली माणूस दिसला.

तो बावटा काखेत मारून खांबाशी उभा होता. वेधशाळेचा निरोप आल्याशिवाय बावटा धक्क्यावरच्या खोलीबाहेर निघत नाही, हे अकरा वर्षं संसार केलेल्या बाईला कुणी सांगायला नको. खांबाच्या दोरीला नवऱ्यानंच मारून ठेवलेली गाठ तो ओढत होता. मग त्यानं ती दातांत धरली. नवऱ्यानं त्याला सगळं शिकवलं होतं, वाऱ्याच्या नोंदी, बावट्याची घडी, खोलीची किल्ली कुठं ठेवायची तेसुद्धा. गाठ तेवढी शिकवायची राहिली. स्वतःच्या हाताला जे येतं ते दुसऱ्याला येत नसेल, असं माणसाच्या डोक्यात येतच नाही.

दोरी कापावी तर ती वरच्या कप्पीतून निसटून खाली येणार, मग बावटा चढवायचा कशावर? त्यानं बोटीकडे तोंड करून हाक मारली असावी. वाऱ्यात काही ऐकू आलं नाही.

बायकोनं मान फिरवली. नवा आहे, घाबरट असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. सहा तास. सहाच तासांचा तर प्रश्न होता. तिच्या डोळ्यांसमोर बहिणीच्या अंगणातली दोरी आली, तिच्यावर ओळीनं फडफडणारे आपले अभ्रे दिसले. बोट गच्च भरली होती. समोरच्या बाकावर एक म्हातारा आपल्या म्हातारीच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होता. लेकीनं टोपी डोळ्यांवर ओढून विचारलं, आई, तिकडे सावली पण असते का गं? तिनं हो म्हटलं आणि ती उठली.

"सालं टाकून येते," ती नवऱ्याला म्हणाली.

धक्क्यावर पाऊस आडवा मारत होता. ती पळतच खांबाशी पोचली. बदली माणूस रडकुंडीला आला होता. तिनं त्याला बाजूला केलं. गाठीचं टोक ओढायचं नसतं, आत ढकलायचं असतं. दोरी भिजून फुगली होती, नखं दुखली, पण गाठ सुटली. मग तिनंच बावटा दोरीला अडकवला आणि दोरी ओढली. बावटा वर गेला.

बोटीचं इंजिन थांबलं.

उतारू शिव्या घालत, सामान ओढत धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरले. बावटेवाला लेकीला कडेवर आणि बॅग हातात घेऊन सगळ्यात शेवटी आला. बायको एका बाकाच्या टोकाला बसली होती, केसांतून पाणी निथळत होतं. तिच्या सोलवटलेल्या बोटांकडे पाहून त्याला सगळं कळलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रजेवर आहात," ती म्हणाली.

तिचं डोकं पुसायला काहीतरी हवं म्हणून त्यानं बॅग मांडीवर घेतली आणि गाठीला हात घातला. तिनं त्याच्या हातावर आपला ओला हात ठेवला.

"राहू दे ती. ती तिकडे उन्हातच सोडायची."