आंधळी बाजू

बस भाऊ. तुझं पंक्चर निघेपर्यंत माझा हा उजवा डोळा कसा गेला, ते सांगतो.

कोरोनातून उठलो, डॉक्टरनं स्टिरॉइडच्या गोळ्या बंद केल्या. त्यांचा कंपाउंडर लहानू, माझा जिगरी. म्हणाला, “घेत राहा गड्या, ताकद येते.” तोच आणून द्यायचा. शुगर भडकली, नाकात काळी बुरशी धरली, ती डोळ्यापर्यंत गेली. डोळाच काढला.

डॉक्टरनं विचारलं, “गोळ्या कुणी दिल्या?” लहानू शेजारीच उभा. म्हणाला, “आपल्याला काय ठाऊक, साहेब?”

तेही गिळलं. पण आता रोज माझ्या आंधळ्या बाजूनं चोरासारखा जातो. त्याच्या चपलेचा आवाज मी ओळखत नाही व्हय?

जाताना दवाखान्यात त्याला सांग, चांगल्या डोळ्याच्या बाजूनं ये म्हणावं. तोंडावर शिव्या घालायच्यात. मग चहा पाजतो.