माळ्यावरची जाळी

शेवटची तुळई पुसून हेमलताबाईंनी फडकं बादलीत पिळलं. बेल्जियमभर नावाजलेला बिअरचा कारखाना, आणि माळ्यावर ही कोळ्यांची जाळी! दिवाळी चार दिवसांवर आलेली. लेकीच्या सासरचे दोन दिवस लग्नाला गेले, तेवढ्यात त्यांनी एकटीने माळा गरम पाण्याने, साबणाने लख्ख करून टाकला.

परतलेले व्याही जिना चढून वर आले आणि दारातच थिजले. त्यांनी डोक्यावरची टोपी हळूच काढली, कुणी गेल्यावर काढतात तशी.

मागून आलेली ऋजुता पांढरीफटक पडली. "आई, काय करून बसलीस हे?"

"का? जाळी काढली."

"अगं, हे लोक बिअरमध्ये खमीर घालतच नाहीत. धान्याचा उकळलेला रस रात्रभर इथे उघडा ठेवतात. या धुळीतून, जाळ्यांतून जे पडतं, त्यानेच तो आंबतो. खापरपणजोबांपासून इथे कुणी झाडू लावला नव्हता!"

हेमलताबाईंनी बादलीतल्या काळ्या पाण्याकडे पाहिलं. सासूबाईंनी दिलेलं विरजण त्यांनी चाळीस वर्षं संपू दिलं नव्हतं. आणि इथे दुसऱ्याचं विरजणच धुऊन टाकलं होतं.

व्याही काहीतरी पुटपुटले.

"ते विचारताहेत," ऋजुता म्हणाली, "एखादा कोपरा तरी राहिलाय का?"

दर दिवाळीला घर झाडून झालं की सासूबाई हेच विचारायच्या, आणि हेमलताबाई ताठ मानेने उत्तर द्यायच्या. आज मान वर होईना.

"एकही नाही."