मास्तरांचा होकार

टेलरमास्तरांचं लिव्हर निकामी झालं आणि अंगातलं विष डोक्यात चढू लागलं. मध्यंतरी त्यांनी एका शर्टाचा खिसा पाठीवर शिवला आणि वर गिऱ्हाइकालाच दटावलं, "तुम्हीच तसा सांगितला होता!" औषधानं डोकं ताळ्यावर आलं, की मात्र त्यांना सगळं कळायचं. मुलीचं लिव्हर जुळतंय आणि आता तेवढाच उपाय उरलाय, हेही. मग ते निक्षून सांगायचे, "माझ्यासाठी पोरीच्या पोटावर कात्री चालवायची नाही. विषय संपला." त्यांच्या होकारावाचून डॉक्टर पुढे सरकत नव्हते.

आज सकाळी मुलगी पुन्हा विचारायला गेली, तर ते पलंगाच्या कडेला तयारच बसले होते.

"चला की, उशीर कशाला?"

"सुचलं बाई यांना एकदाचं," म्हणत आई डॉक्टरांना बोलवायला धावली.



"घाबरायचं नाही हं," मास्तर मुलीला जवळ ओढून म्हणाले, "माझं लिव्हर तुला लावलं की ठणठणीत होशील बघ," आणि मुलीनं मुकाट्यानं मान डोलावली.